अनेक दिवसांची माउंटन बाइक स्पर्धा पहिल्यांदा करताना : इंदूरहून निघणाऱ्या हौशी सायकलपटूंसाठी

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, नोकरी करतो आणि सकाळचे दीड-दोन तास सायकल चालवतो. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी हिमाचलातील एका चार दिवसांच्या माउंटन बाइक स्पर्धेत पहिल्यांदा उतरलो आणि तिसऱ्या दिवशी कट-ऑफची, म्हणजे त्या दिवसाचे अंतर संपवायला दिलेली शेवटची वेळ उलटून बावीस मिनिटांनी पोहोचल्यामुळे क्रमवारीतून बाहेर पडलो. त्या दिवशी माझ्या पायांत ताकद होती, दमही शिल्लक होता. कमी पडली ती आदल्या संध्याकाळची तयारी. पुढच्या वर्षी मी तीच स्पर्धा पूर्ण केली. या दोन वर्षांत मला जे कळले ते आपल्या गावातून पहिल्यांदा जाणाऱ्याला आधीच माहीत असावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

एका दिवसाची शर्यत आणि चार दिवसांची स्पर्धा यांत फक्त अंतराचा फरक आहे असे समजू नका. एका दिवसात अंगावर काढता येणारी गोष्ट, मग ती सीटखाली सोललेली त्वचा असो, सैल झालेला स्पोक असो की न जेवता घालवलेली दुपार असो, दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन समोर येते. म्हणून या लेखात सायकल चालवण्याइतकेच सायकलीवरून उतरल्यानंतर काय करायचे याविषयी लिहिले आहे.

१. माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

अशा स्पर्धेत रोज एक टप्पा असतो, रोजची वेळ नोंदली जाते आणि सगळ्या टप्प्यांच्या वेळांची बेरीज करून क्रम लागतो. भारतात हा प्रकार रुजला तो प्रामुख्याने हिमाचलात. शिमल्याची एमटीबी (माउंटन बाइक) हिमालया ही स्पर्धा २००५ साली सुरू झाली. जगभरातील हौशी लोक ज्या स्पर्धेचे नाव घेतात ती दक्षिण आफ्रिकेतील केप एपिक २००४ सालापासून होते. ती आठ दिवसांची असते आणि दोघांच्या जोडीने करावी लागते. तिथे जोडीदारांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलेले चालत नाही. आपल्याकडेही काही ठिकाणी जोडीचा गट असतो. त्यात नाव द्यायचे असेल तर जोडीदार मैत्रीवरून निवडू नका, चढावरचा वेग पाहून निवडा.

पहिल्या वेळी तीन किंवा चार दिवसांचीच स्पर्धा घ्या. माहितीपत्रकात किलोमीटरचा आकडा ठळक छापलेला असतो, पण तुम्ही एकूण चढाचा आकडा शोधा. समजा एका टप्प्याचे अंतर ६० किलोमीटर आणि चढ १८०० मीटर आहे. माझ्यासारखा हौशी माणूस लांब चढावर तासाला साधारण ५०० मीटर उंची गाठतो, म्हणजे फक्त चढण्यातच साडेतीन तासांहून अधिक वेळ जाणार. त्यात उतार, सपाट वाट, ओढे आणि सायकल हातात धरून चालायचे तुकडे मिळवले की सहा तास सहज होतात. हा हिशेब प्रत्येक टप्प्यासाठी कागदावर मांडा आणि त्या टप्प्याच्या कट-ऑफशी ताडून पाहा. दोहोंत तासाभराचाही फरक उरत नसेल तर ती स्पर्धा या वर्षी तुमच्यासाठी नाही.

नियमावलीत आणखी तीन गोष्टी पाहा. कट-ऑफ चुकला तर दुसऱ्या दिवशी सायकल चालवू देतात की घरी पाठवतात. वाटेत बाहेरच्या माणसाची मदत चालते की ठरलेल्या दुरुस्तीच्या जागीच घ्यावी लागते. आणि पाण्याची ठाणी किती किलोमीटरवर आहेत. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर तुमच्या पाठीवरचे वजन ठरते.

२. कागदपत्रे

नावनोंदणीचा अर्ज पाच मिनिटांत भरून होतो, पण त्याच्या जोडपत्रांना आठवडा लागतो. मला लागलेली कागदपत्रे अशी :

• आधार कार्ड किंवा पासपोर्ट, त्याच्या दोन छायाप्रती आणि पासपोर्ट आकाराची छायाचित्रे
• डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचे शारीरिक तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र
• जोखीम स्वतः पत्करत असल्याचे सही केलेले हमीपत्र
• रक्तगट, चालू औषधे, ॲलर्जी आणि घरच्या दोन माणसांचे फोन क्रमांक लिहिलेला कागद
• विमा पॉलिसीची प्रत
• पैसे भरल्याची पावती आणि नोंदणी क्रमांक

तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र ओळखीच्या डॉक्टरांकडून न तपासता लिहून घेण्याचा मोह अनेकांना होतो. कृपा करून तसे करू नका. चाळिशी ओलांडली असेल तर रक्तदाब आणि ईसीजी तपासून घ्या, आणि स्पर्धेत तासन्‌तास चढ चढायचा आहे व उंचीवर राहायचे आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दहा वर्षांत धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले नसेल तर त्याविषयीही याच भेटीत विचारा, कारण या खेळात गुडघे-कोपरे फुटणारच.

विम्याच्या बाबतीत एक सापळा आहे. नोकरीतून मिळालेला किंवा घरचा आरोग्य विमा आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण अनेक पॉलिसींच्या अपवादांच्या यादीत साहसी खेळ आणि शर्यती असतात. ती यादी स्वतः वाचा, आणि संरक्षण नसेल तर त्या दिवसांपुरता वेगळा विमा घ्या.

३. सायकल : नवी घेण्यापेक्षा आहे ती ओळखा

पहिल्या स्पर्धेसाठी पुढे शॉक असलेली साधी हार्डटेल पुरते. मागेही सस्पेन्शन असलेली सायकल उतारावर सुख देते, पण तिची किंमत आणि देखभाल दोन्ही जास्त. स्पर्धेच्या महिनाभर आधी नवी सायकल, नवी सीट किंवा नवे बूट घेणे ही मात्र मी पाहिलेली सर्वांत महागडी चूक आहे. सीट आणि शरीर यांचे जमायला काही आठवडे द्यावेच लागतात.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते तीन ठिकाणी करा. पहिले, गियर. समोर ३२ दातांचे एकच चाक आणि मागे ५० किंवा ५१ दातांपर्यंतचा कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, असेल तर पाचव्या तासालाही बसून चढता येते. दुसरे, ट्यूबलेस टायर. माळव्यात बाभळीचे काटे आणि हिमाचलात धारदार दगड, दोन्हींवर उपाय तोच. टायरमधले सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारा द्रव, दोन-तीन महिन्यांत वाळते, म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी ते पुन्हा भरा. माझे वजन ७० किलोच्या आसपास आहे आणि २.२ इंची टायरमध्ये मी पुढे २३, मागे २५ पीएसआय हवा ठेवतो. ट्यूब वापरत असाल तर थोडी जास्त ठेवा, नाहीतर दगडावर आपटून ट्यूबला दोन समांतर छिद्रे पडतात. तिसरे, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि त्यांचे चांगले पॅड. पॅड दोन प्रकारचे मिळतात. सेंद्रिय पॅड शांत असतात पण चिखलात लवकर झिजतात, धातुमिश्रित पॅड आवाज करतात पण टिकतात. डोंगरातल्या स्पर्धेसाठी दुसरेच घ्या, आणि ते तुमच्या रोटरला, म्हणजे पॅड ज्या चकतीला धरतात तिला, चालतात ना हे मिस्त्रीला विचारून घ्या.

मागच्या डिरेलरला (चेन सरकवून गियर बदलणाऱ्या भागाला) फ्रेमशी जोडणारा लहानसा तुकडा, म्हणजे हँगर, मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, जेणेकरून सायकल आपटली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. प्रत्येक सायकलीचा हँगर वेगळा असतो आणि डोंगरातल्या दुकानात तुमचा मिळण्याची शक्यता जवळपास नाही. स्वतःच्या सायकलीचा जादा हँगर आधी मागवा. इंदूरलासुद्धा तो हातोहात मिळत नाही.

मिस्त्रीकडून सर्व्हिसिंग करून घेताना शेजारी बसा. पंक्चर, चेन तुटणे, पॅड बदलणे आणि हँगर बदलणे ही चार कामे तुम्हाला स्वतःच्या हाताने, पावसात आणि गार पडलेल्या बोटांनी करता आली पाहिजेत.

४. इंदूरजवळचा सराव

इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि शहराच्या उत्तरेला नजर जाईल तिथवर सपाटी आहे. पण दक्षिणेला पंचवीस-तीस किलोमीटर गेले की माळव्याचे पठार संपते आणि विंध्याचा कडा निमाडात उतरतो. आपला सगळा सराव त्या कड्यावर आहे.

मी सोळा आठवड्यांचा आराखडा करतो. आठवड्यातले तीन दिवस सकाळी सव्वा-दीड तास आणि शनिवार-रविवार लांब फेरी. यात लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच : शनिवारी सहा तास चालवून रविवारी झोपून राहण्यापेक्षा शनिवारी चार आणि रविवारी साडेतीन तास चालवलेले कितीतरी उपयोगी पडतात. रविवारी सकाळी जड पायांनी पेडल मारायला लागणे, सीटवर बसताना दुखणे आणि तरीही तासाभरात लय सापडणे, हा अनुभव घरीच घ्यायचा असतो. वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल; आठवड्यातून एकदाच चढावर दम लागेपर्यंत जोर लावा.

चढासाठी जानापाव चांगला. महूच्या पुढे मानपूरच्या अलीकडे हा डोंगर लागतो, चंबळेचा उगम तिथला मानतात, आणि वरपर्यंत रस्ता आहे. पण माथ्याची उंची नऊशे मीटरही नाही आणि पायथ्यापासून एका खेपेत तीनशे मीटरही हाती लागत नाहीत. म्हणजे वर सांगितलेल्या १८०० मीटरच्या टप्प्यासाठी जानापाव एका दिवसात सहापेक्षा जास्त वेळा चढावा लागेल. मी एकदा पाच वेळा चढलो. चौथ्या खेपेला कंटाळा येतो, आणि तो कंटाळा सोसणे हाही सरावच आहे. मला त्याहून उपयोगी पडला तो जाम दरवाज्याचा घाट. महूहून मंडलेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर अगदी कड्यावर अहिल्याबाईंनी बांधलेला हा दगडी दरवाजा उभा आहे; सकाळी लवकर तिथून निमाडात उतरायचे आणि ऊन चढायच्या आत पुन्हा वर यायचे. खंडवा रस्त्यावरचा सिमरोलपुढचा घाट मात्र मी सुचवणार नाही. तिथे ट्रक आणि बसची वर्दळ इतकी असते की लक्ष चढावर राहत नाही.

कच्च्या वाटांसाठी चोरल, पाताळपाणी आणि तिंछाचा परिसर आहे. हिमाचलातील मोठ्या स्पर्धा बहुधा पावसाळा सरताना होतात, त्यामुळे आपला महत्त्वाचा सराव नेमका जुलै ते सप्टेंबर या काळात येतो आणि तेव्हा काळी माती सायकल चालवू देत नाही. पहिल्या वर्षी मी भर पावसात तिंछाच्या बाजूला एका शेतवाटेवर गेलो होतो. माती टायरला धरली, मग थरावर थर चढला, फोर्क आणि चाक यांच्यामधली जागा भरली आणि चाक फिरायचेच थांबले. काडीने माती उकरायची, चाळीस-पन्नास पावले ढकलायचे, पुन्हा उकरायची, असे करत दोन किलोमीटरला दीड तास लागला आणि डिरेलर वाकला तो वेगळाच. पावसाळ्यात मुरमाच्या वाटा आणि डांबरी घाट धरा, शेतवाटा दसऱ्यानंतर. पाताळपाणी, तिंछासारख्या धबधब्यांच्या कडेला तर पावसाळ्यात सायकल नेऊच नका. आणि राळामंडळ हे अभयारण्य आहे. तिथे किंवा वनखात्याच्या इतर जमिनीवर सायकल नेण्याआधी फाटकावर परवानगी विचारा.

सराव चढावर जितका कराल तितकाच उतारावर करा. उतारावर पेडल आडवी एका रेषेत, बूड सीटच्या मागे, कोपरे सैल, नजर चाकावर नाही तर पुढच्या वळणावर, आणि ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, वळणात नाही. दोन्ही ब्रेकवर एकेकच बोट ठेवा. अवघड तुकडा दिसला तर उतरून चाला. त्यात जाणारे अर्धे मिनिट मोडलेल्या मनगटापेक्षा फार स्वस्त आहे.

स्पर्धेच्या चार आठवडे आधी सलग तीन दिवसांची एक रंगीत तालीम करा, त्याच बुटांत, त्याच पिशवीसह, तेच खाऊन. शेवटचे दहा दिवस सराव निम्म्यावर आणा. आमच्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो. आरत्या, पाहुणे आणि मोदक यांत तेवढी विश्रांती आपोआप होते आणि घरच्यांनाही बरे वाटते. चार महिन्यांचे शनिवार-रविवार ज्यांच्या वाट्याचे आपण घेतलेले असतात, त्यांचे ते पाच दिवस असतात.

५. खाणे आणि पाणी

पहिल्या तासात भूक लागत नाही म्हणून माणूस खात नाही, आणि तिसऱ्या तासात खायचे म्हटले तरी जात नाही. घड्याळ लावा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी काहीतरी तोंडात गेले पाहिजे, असे की तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, पंचवीस ग्रॅम गुळात त्याच्या जवळपास. मी खजूर, गुळाची चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि आईच्या हातच्या दुधातल्या दशम्या नेतो; तयार जेलही चालतात, पण ते सरावात पोटाला मानवतात का हे पाहिल्याशिवाय स्पर्धेत घेऊ नका.

ओआरएसची एक लिटरची पुडी एकाच लिटर पाण्यात घाला. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण पुडी ओतणारे बरेच जण असतात; त्याने मळमळ होते आणि तहान वाढते. थंडीत तहान कळत नाही, तरीही घोट घोट पीत राहा.

सकाळी इंदुरी माणसाला पोहे लागतात आणि पोहे या कामाला उत्तमच आहेत, फक्त सुरुवातीच्या दोन-अडीच तास आधी खा आणि वरची शेव त्या दिवसापुरती सोडा.

६. उंची

शिमला २२०० मीटरच्या आसपास आहे आणि जलोडीसारखी खिंड ३१०० मीटरच्या घरात जाते. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्केच असतो, त्यामुळे जो चढ इथे बोलत बोलत चढता तो तिथे गप्प करतो. सुरुवातीच्या निदान दोन दिवस आधी पोहोचा आणि पहिला दिवस नुसते चालण्यात घालवा. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही उंची बाधल्याची लक्षणे असू शकतात. ती असताना आणखी वर जायचे नाही, वाढली तर खाली उतरायचे, आणि स्पर्धेच्या डॉक्टरांपासून काही लपवायचे नाही. गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

७. सायकलीसह प्रवास

इंदूरहून मालवा एक्स्प्रेसने अंबाल्याला उतरून पुढे रस्त्याने जाणे मला सोयीचे पडते. सायकल तिकिटावर सामान म्हणून पार्सल कार्यालयात नोंदवता येते आणि ती त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून, जाते. निदान दोन-तीन तास आधी स्टेशनवर पोहोचा. पेडल काढा, हँडल वळवून बांधा, डिरेलरला पुठ्ठ्याचे जाड आवरण करा, आणि नाव, फोन, पीएनआर व उतरण्याचे स्टेशन लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या दोन ठिकाणी बांधा. चाके काढली असतील तर ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी घाला. चाक नसताना ब्रेकची दांडी चुकून दाबली गेली तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि रोटर आत जात नाही.

खरा सापळा उतरताना असतो. मधल्या स्टेशनवर गाडी थोडाच वेळ थांबते, आणि तेवढ्यात सायकल उतरवली नाही तर ती पुढे जाते. आधीच्या स्टेशनवरच गार्डला सांगून ठेवा आणि गाडी थांबताच एकाने सामान, दुसऱ्याने ब्रेकव्हॅन गाठायचा. म्हणून दोघे-तिघे मिळून जा.

८. अंगावर काय आणि मुक्कामाच्या बॅगेत काय

तुमची मोठी बॅग आयोजकांच्या गाडीतून पुढच्या मुक्कामाला जाते. टप्पा चालू असताना ती तुम्हाला मिळत नाही. त्यामुळे यादी दोन करा.

अंगावर आणि सायकलीवर : एक ट्यूब, ट्यूबलेसच्या छिद्रात कोंबायचे प्लग, दोन टायर लिव्हर, पंप, चेन तोडता येणारे मल्टिटूल, आपल्या गियरच्या मापाची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), हँगर, ब्रेक पॅडची एक जोडी, चार-पाच झिप टाय, पंपावर गुंडाळलेली चिकटपट्टी, वाऱ्या-पावसाचे जॅकेट, शिटी, ओआरएस, खाणे, दीड ते दोन लिटर पाणी आणि ओळखपत्र.

बॅगेत : एक टायर, दोन ट्यूब, पॅडच्या आणखी दोन जोड्या, गियरची केबल, सीलंट, चेनचे तेल, ब्रश, फडकी, किमान तीन पॅडेड शॉर्ट्स, उबदार कपडे, स्लीपिंग बॅग, हेडलाइट, चपला, कोरडे बूट, टॉवेल, त्वचेला लावायचे क्रीम, आणि भरपूर प्लास्टिकच्या पिशव्या. रोजचे कपडे रोजच्या वेगळ्या पिशवीत बांधून त्यावर वार लिहा; अंधारात, थकलेल्या डोक्याने शोधाशोध करावी लागत नाही.

९. टप्प्याचा दिवस

पहिल्या दिवशी सगळे जोरात सुटतात. तुम्ही सुटू नका. पहिला तास ठरवून मागे राहा. दुपारी त्यांतले बरेच जण तुम्हाला भेटतील. वाटेवरचे बाण आणि फिती पाहत राहा, आणि दहा मिनिटांत एकही खूण दिसली नाही तर थांबून शेवटच्या खुणेपर्यंत परत या. पाण्याच्या ठाण्यावर बसू नका, भरा आणि निघा. कागद आणि सालपटे खिशात ठेवा. कुणी पडलेला दिसला तर थांबणे हा नियमही आहे आणि माणुसकीही.

१०. मुक्कामावरची संध्याकाळ

आता त्या तिसऱ्या दिवसाविषयी. दुसरा टप्पा पावसात संपला होता. मी तंबूत पोहोचलो, ओल्याच कपड्यांत तासभर पडलो, मग जेवलो आणि झोपलो. सायकल बाहेर चिखलात तशीच उभी होती. सकाळी चेनवर तेलाचे चार थेंब सोडून मी रांगेत गेलो. सुमारे वीस किलोमीटरवर पहिला मोठा उतार लागला आणि मागच्या चाकातून खर्रर्र असा आवाज यायला लागला. थांबून पाहिले तर पॅडवरचा थर पूर्ण गेला होता, मागची लोखंडी पट्टी रोटरवर घासत होती आणि रोटर हात लावता येणार नाही इतका तापला होता. पुढच्या पॅडमध्येही कागदाच्या जाडीइतकेच काही उरले होते. नव्या पॅडच्या दोन जोड्या माझ्याकडे होत्या, पण त्या बॅगेत, आणि बॅग गाडीतून पुढच्या मुक्कामी गेलेली. उरलेले सगळे उतार मी सायकल धरून चालत उतरलो. एक नाशिकचा तरुण थांबला, म्हणाला, “दादा, माझे पॅड लागतील का बघा,” पण त्याच्या ब्रेकचे माप वेगळे होते. मी त्याला पुढे जायला सांगितले.

आदल्या संध्याकाळी दहा मिनिटे दिली असती तर हे टळले असते. म्हणून आता मुक्कामावर पोहोचल्यावर मी ठरलेल्या क्रमानेच वागतो आणि तुम्हीही तसेच वागावे असा माझा आग्रह आहे.

सायकल टेकवताच आधी काहीतरी खायचे : दूध, केळी, भात-वरण, जे असेल ते अर्ध्या तासाच्या आत. मग चिखल वाळण्यापूर्वी सायकल धुवायची. बादली आणि ब्रश पुरे. जोराच्या फवाऱ्याने बेअरिंगमध्ये पाणी जाते. चेन फडक्याने कोरडी करून प्रत्येक कडीला तेल द्यायचे आणि वरचे तेल पुसून टाकायचे. त्यानंतर हेडलाइट लावून पॅड पाहायचे; थर एक मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर उद्याची वाट न पाहता बदलायचे. टायरवरून बोट फिरवून काटे आणि चिरा शोधायच्या, स्पोक चिमटीत धरून सैल आहेत का पाहायचे, रोटरचे आणि हँडलचे स्क्रू तपासायचे, डिरेलर मागून सरळ दिसतो ना ते बघायचे. हे सगळे अर्ध्या तासात होते, पण ते अंघोळीच्या आधी करायचे, कारण एकदा उबदार कपड्यांत शिरल्यावर पुन्हा चिखलात हात घालायला मन धजत नाही.

मग शरीर. ओल्या शॉर्ट्समध्ये पाच मिनिटेही बसू नका; सीटखालच्या जखमा तिथूनच सुरू होतात. गरम पाणी नसले तर गार पाण्याने, पण साबणाने धुवा, पूर्ण कोरडे करा आणि सैल कपडे घाला. घासलेली जागा लाल दिसली तर त्याच संध्याकाळी डॉक्टरांना दाखवा. संकोचाने दोन दिवस गप्प राहिलेला एक धडधाकट माणूस मी चौथ्या दिवशी सुरुवातीच्या रेषेवरून परत फिरताना पाहिला आहे.

संध्याकाळच्या सूचनांना हजर राहा. वाटेतला बदल, दरड, वाढलेला ओढा, बदललेला कट-ऑफ हे तिथेच सांगतात. परत येऊन उद्याचे खाणे खिशांत भरा, बाटल्या भरा, बिब नंबर (स्पर्धक क्रमांक) लागलेला जर्सी उशाशी ठेवा, आणि साडेआठ-नऊला झोपा. तंबूत शेजारच्याचे घोरणे असते. कानात घालायचे बोळे दोन रुपयांचे असतात आणि फार मोलाचे ठरतात.

११. शेवटच्या दिवशी

वेळ नोंदण्यासाठी दिलेली टायमिंग चिप लगेच परत करा, नाहीतर तिचे पैसे भरावे लागू शकतात. निकालात आपली रोजची वेळ बरोबर लागली आहे का हे तक्रारीची मुदत संपण्याआधी पाहा. परतीच्या गाडीसाठी सायकल पुन्हा पार्सलला द्यायची असते, तेव्हा ती धुऊन, चेनला तेल देऊन मगच बांधा. ओली चेन पुठ्ठ्यात गुंडाळली की इंदूर येईपर्यंत तिच्यावर गंज चढतो. घरी आल्यावर आठवडाभर फक्त चाला, चाके आणि हेडसेटचे (हँडल वळते त्या सांध्याचे) बेअरिंग मिस्त्रीकडून उघडून घ्या, आणि काय कमी पडले, काय उगाच नेले याची यादी आठवण ताजी आहे तोवर लिहून हेल्मेटच्या पिशवीत ठेवा.